रिकामे शंभर मीटर

मंगळवारी दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी चाचणी पद्धत निवड समितीचे पाचही सदस्य अस्तित्वात नसल्याचं शास्त्रीय पद्धतीनं सिद्ध झालं.

असं काही घडलेलं नाही. बोगदापूरच्या नोंदवहीत मंगळवारी चार वाजून दहा मिनिटांसमोर आता एक आडवी रेघ आहे, आणि जे नोंदवहीत नाही ते बोगदापुरात घडत नाही. तेव्हा वाचकांनी वरचं वाक्य वाचलेलंच नाही असं समजून पुढे चालावं.

बोगदापूर चंद्रावर आहे. कधीकाळी लाव्हा वाहून गेल्यावर मागे राहिलेली अकरा किलोमीटर लांबीची नळी, आणि तिच्यात राहणारी सहाशे बारा माणसं. कागदोपत्री नाव 'चांद्र निवास संकुल, पहिला टप्पा'. दुसरा टप्पा नाही. नळीच्या पूर्व टोकापासून पश्चिम टोकापर्यंत जमिनीखालून एकच काचतार जाते, केसाएवढ्या जाडीची. बोगदापूरचं सगळं बोलणं, भांडणं आणि हिशेब तिच्यातून प्रकाशाच्या रूपानं धावतात. शिवाय ही तार दर तीन महिन्यांनी माणसं मोजते. ज्या जागी जितकी माणसं दिसतील तितकी हवा त्या जागेला मिळते. झडपा नोंदवही वाचतात आणि उघडतात किंवा बंद होतात. त्यांच्याशी वाद घालायची सोय नाही.

त्या तारेची तपासनीस वैजयंता दुधाणे. वय एकोणतीस, वजन अठ्ठावन्न किलो. वजनाचा उल्लेख पुढे कामाला येणार आहे.

दीड महिन्यापूर्वी समितीनं तिला पद्धती समजावून सांगायला बोलावलं. समितीचं कार्यालय पश्चिम टोकाला, तार जिथे संपते त्याच्या अगदी डोक्यावर. अध्यक्ष डॉ. निरंजन अष्टपुत्रे बोलण्याआधी चष्मा काढत आणि ऐकताना घालत. त्यामुळे चष्मा बराच काळ हातातच असे.

"तीन पद्धती आहेत," ते म्हणाले. "पहिली सांगा."

"उजेडमाप," वैजयंता म्हणाली. "एका टोकाला प्रकाश सोडायचा, दुसऱ्या टोकाला किती पोचला ते मोजायचं. अकरा किलोमीटरमध्ये एकूण किती हरवला ते कळतं. कुठे हरवला ते कळत नाही. म्हणजे बोगद्यात माणसं आहेत, एवढं कळेल."

"ते आपल्याला माहीत आहे," सचिव सबनीसबाई म्हणाल्या.

"म्हणूनच ती वापरत नाही. दुसरी इथरनेटची. काचतारेपासून प्रत्येक खोलीत यंत्रं जोडणारी इथरनेटची तार गेलीय. प्रत्येक तारेवर माहितीचा एक गठ्ठा पाठवायचा आणि उत्तरं मोजायची. मागच्या वर्षी करून पाहिली. लोकसंख्या दोन हजार एकशे चार आली."

"एवढी माणसं आहेत?"

"फ्रिज, पंखे, दिवे. सगळे उत्तर देतात, आणि माणसांपेक्षा लवकर देतात. मेसमधल्या एका फ्रिजला तीन महिने हवा मिळत होती. त्यानं तक्रार केली नाही."

समितीनं फ्रिजची नोंद घेतली.

"तिसरी पडसादाची," वैजयंता म्हणाली. "आपण हीच वापरतो. एका टोकानं प्रकाशाचा ठोका सोडायचा. तारेच्या प्रत्येक मीटरमधून त्यातला थोडा प्रकाश मागे फिरतो. किती वेळानं परतला त्यावरून कुठून आला ते कळतं. वर कोणी चाललं, खोकलं, बोललं की काच थरथरते आणि परतणारा प्रकाश बदलतो. ती थरथर ओळखून पडसादमापक यंत्र माणसं मोजतं."

"उत्तम," अष्टपुत्र्यांनी चष्मा घातला. "आणि यात दोष?"

"एक आहे. त्याचा बंदोबस्त केलेला आहे."

"माझी शंका त्याबद्दलच आहे," सबनीसबाईंनी जाडजूड बाड पुढे ओढलं. "बारा वर्षांच्या प्रत्येक चाचणीत पहिल्या शंभर मीटरमध्ये रहिवासी शून्य. एकदाही एकही माणूस नाही. हे काय प्रकरण आहे?"

"ती गुंडाळी आहे बाई. हाच तो बंदोबस्त. यंत्र जिथे तारेला जोडतो तिथून पहिला प्रकाश इतक्या जोरात परततो की यंत्राचे डोळे दिपतात. तोंडावर बॅटरी मारल्यासारखं होतं. सावरेपर्यंत ठोका ऐंशी मीटर पुढे गेलेला असतो. त्या ऐंशी मीटरमध्ये हत्ती नाचला तरी यंत्राला दिसत नाही. त्याला आम्ही आंधळा पट्टा म्हणतो. म्हणून यंत्र आणि बोगदा यांच्यामध्ये शंभर मीटर तारेची गुंडाळी लावतो, एका पेटीत असते ती. यंत्राला काय आंधळं व्हायचंय ते पेटीत होऊ दे. बोगद्यात शिरेपर्यंत त्याला दिसायला लागतं."

"म्हणजे त्या शंभर मीटरमध्ये कोणीच राहत नाही," अष्टपुत्रे म्हणाले.

"पेटीत कोण राहणार सर?"

"मग ते मोजायचे कशाला?"

वैजयंतानं पुन्हा सगळं समजावलं. नंतर कागदावर काढून समजावलं. शेवटी सबनीसबाईंच्या चहाचा कप यंत्र, चमचा बोगदा आणि बशी गुंडाळी असं धरून समजावलं. सबनीसबाईंनी बशी काढून घेतली आणि म्हणाल्या, "बशीशिवायही चहा पिता येतोच की."

इतिवृत्तात नोंद झाली: 'पहिले शंभर मीटर सलग बारा वर्षे रिकामे आढळल्याने चाचणीतून वगळण्यात येत आहेत. श्रीमती दुधाणे यांच्याशी चर्चा झाली.'

पूर्व टोकाला यंत्रघर आहे आणि यंत्रघराला लागून सत्तर मीटरमध्ये सांधेवाडी. तुटलेल्या काचतारा वितळवून सांधणारी आठ माणसं तिथे राहतात, वैजयंता त्यांतलीच. सगळ्यांत जुने सोपानकाका झुंजारे. त्यांनी सांधलेली तार पुन्हा त्याच जागी तुटल्याचं कोणी पाहिलेलं नाही. गुंडाळीची पेटी मोडीत काढायचा हुकूम आला तेव्हा काकांनी ती स्वयंपाकघरात नेली आणि तिच्यावर बसून मटकी निवडायला लागले.

"मोडीत काढली का?" वैजयंतानं विचारलं.

"काढली ना. आता ही पेटी नाही, स्टूल आहे."

नव्या पद्धतीनं पहिली चाचणी झाली. वैजयंतानंच घेतली, कारण नाही म्हणाली असती तर कमी समजणाऱ्या कोणी घेतली असती. निकाल आला. बोगदापूरची लोकसंख्या सहाशे पाच. सांधेवाडी: रहिवासी शून्य. खाली ओळ होती: 'हवापुरवठा बहात्तर तासांत बंद होईल. गैरसोयीबद्दल क्षमस्व. (रहिवासी नसल्यास हा मजकूर वाचू नये.)'

आठातले सात नाहीसे झाले होते. आठवे सोपानकाका त्या वेळी सहाव्या किलोमीटरवर दातांच्या दवाखान्यात होते. त्यांची दाढ काढताना तार इतकी थरथरली की यंत्रानं काकांच्या जागी दीड माणूस मोजला आणि अर्धा सोडून दिला.

"म्हणजे वाडीत फक्त मी आहे," काका गाल धरून म्हणाले.

"आणि आम्ही सात जण नाही."

"तरी वाटलंच, मटकी कशी काय उरली."

हसून झाल्यावर सगळे भिंतीकडे वळले. भिंतीवरच्या झडपेचा काटा सगळ्यांना दिसत होता. वैजयंता मेसकडे निघाली तर मेसचं दार उघडलं नाही. दुसऱ्या किलोमीटरचंही नाही. दारंही नोंदवही वाचतात, आणि जे माणूस नाही त्याला ती आत घेत नाहीत. म्हणजे दुसरीकडे जाऊन राहण्याचा प्रश्न मिटला.

तिनं अष्टपुत्र्यांना फोन लावला. इथरनेटला ती अजून अस्तित्वात होती, फ्रिजसारखी.

"सर, मी वैजयंता दुधाणे बोलतेय. सांधेवाडीतली मी धरून सात माणसं जिवंत आहेत."

"नोंदीत नाहीत."

"तुम्ही आत्ता माझ्याशी बोलताय."

"ती माझी व्यक्तिगत बाब झाली," अष्टपुत्रे म्हणाले. चष्मा काढल्याचा आवाज आला. "हरकत असेल तर रीतसर अर्ज करा. फेरचाचणी मिळेल. मात्र अर्जदार नोंदलेला रहिवासी हवा. आणि अर्जाचा निकाल लागेपर्यंत शेवटची चाचणी खरी."

"म्हणजे निकाल लागेपर्यंत आम्ही नाही."

"नियम सगळ्यांना सारखा आहे. आम्हालाही."

वैजयंतानं फोन ठेवला आणि ते शेवटचं वाक्य जपून ठेवलं. मग नियमांचं पुस्तक काढून पहिल्या पानापासून वाचायला बसली. समितीनं ते तसं कधी वाचलं नव्हतं, कारण ते समितीच्या आधी लिहिलेलं होतं.

"काका," दोन तासांनी ती म्हणाली, "फेरचाचणी मंजूर पद्धतीनंच घ्यावी लागेल, गुंडाळीशिवाय. पण कुठल्या टोकाकडून घ्यायची ते अर्जदारानं ठरवायचं, असं लिहिलंय."

"पश्चिमेकडून घेतली तर आपण दिसू?"

"स्वच्छ दिसू. आंधळा पट्टा त्यांच्या टोकाला जाईल."

काकांनी मटकी निवडायची थांबवली. "त्यांच्या टोकाला काय आहे?"

"समितीचं कार्यालय."

काकांनी थोडा वेळ दाढेच्या खड्ड्यात जीभ फिरवली. "अर्ज कुठे करायचा?"

अर्ज काकांच्या नावानं गेला. अर्ज आहे म्हटल्यावर तो नाकारायचं कारण समितीला सापडलं नाही. फेरचाचणी मंगळवारी दुपारी ठरली. हवा त्याच संध्याकाळी सहाला बंद होणार होती.

पश्चिमेला जायला रुळगाडी, पण गाडीचं दारही वैजयंताला घेईना. काकांनी तिकिटाच्या खिडकीवर स्वतःचं तिकीट घेतलं आणि सामानाच्या रकान्यात लिहिलं: 'चाचणी साहित्य, नग एक, अठ्ठावन्न किलो.' दार उघडलं. वैजयंता चाळीस मिनिटं सामानाच्या फळीवर बसून गेली. पश्चिमेला काकांनी तिला पोचवलं, सामान मिळाल्याची सही घेतली आणि त्याच गाडीनं परत फिरले. चाचणीच्या वेळी वाडीत असणं त्यांना जरुरीचं होतं. "गेल्या खेपेला दाढेनं वाचवलं," ते म्हणाले. "सारख्या दाढा कुठून आणू?"

चाचणीच्या खोलीत समिती पूर्ण हजर होती. अष्टपुत्रे, सबनीसबाई आणि तीन सदस्य, जे आजवर कधी बोलले नव्हते. वैजयंतानं पडसादमापक तारेला जोडला.

"ठोका सोडण्याआधी एक सांगते," ती म्हणाली. "गुंडाळी नाही. ऐंशी मीटर आंधळा पट्टा इथून सुरू होतो. तुम्ही सगळे शंभर मीटर पलीकडे जाऊन उभे राहिलात तर बरं पडेल."

"समितीनं यंत्राजवळ हजर राहावं असा नियम आहे," अष्टपुत्रे म्हणाले.

"आहे. म्हणूनच सांगतेय."

"समितीला घाबरवण्याचा हा प्रकार आहे."

"नाही सर. बशी दाखवतेय फक्त."

सबनीसबाईंनी तिच्याकडे पाहिलं, मग दाराकडे, मग अध्यक्षांकडे. जागच्या हलल्या नाहीत. वैजयंतानं क्षणभर थांबून पाहिलं. पाच माणसांची हवा काढून घ्यायची तिची इच्छा नव्हती. पण वाडीत सात माणसं होती आणि चार वाजून नऊ मिनिटं झाली होती. शिवाय ती स्वतःही याच खोलीत होती, म्हणजे जे समितीचं होणार तेच तिचंही. तिनं बटण दाबलं.

सांधेवाडी: रहिवासी सात. वाडीतली झडप उघडी राहिल्याचा हिरवा दिवा लागला आणि इथरनेटवरून काकांचा निरोप आला: 'आम्ही आहोत. तू आहेस का?'

'नाही,' तिनं उत्तर पाठवलं.

पश्चिम टोक: रहिवासी शून्य. छपाईयंत्रानं क्षमस्व म्हणत कागद बाहेर टाकला. अष्टपुत्र्यांनी चष्मा घालून तो वाचला, काढून वाचला.

"ताबडतोब फेरचाचणी घ्या."

"अर्ज करा."

"मी अध्यक्ष आहे."

"नोंदीत नाही सर. अर्जदार रहिवासी हवा. आणि निकाल लागेपर्यंत शेवटची चाचणी खरी."

कधीही न बोललेल्या सदस्यांपैकी एकानं विचारलं, "मग आम्ही कुठे जायचं?" आवाज चांगला होता.

वैजयंतानं काकांना परत बोलावलं. एका रहिवाशाला एका फेरीत दोन नग नेता येतात. त्यामुळे सामान नेताना तीन फेऱ्या झाल्या. अष्टपुत्रे दुसऱ्या फेरीत आले, 'कार्यालयीन साहित्य, जुने, ब्याऐंशी किलो' म्हणून. जुने या शब्दाला त्यांनी हरकत घेतली. काका म्हणाले, हरकत रहिवाशानं घ्यायची असते.

दुसऱ्या दिवशी सकाळी सांधेवाडीच्या स्वयंपाकघरात तेरा माणसं सात माणसांची हवा घेत बसली होती. कोणी मोठ्यानं बोलत नव्हतं. सिलिंडरमधली राखीव हवा धरून अकरा दिवस निघतील असा वैजयंताचा हिशेब होता. पुढची गणती तीन महिन्यांनी.

अष्टपुत्रे बसायला जागा शोधत एका पेटीवर टेकले. "ही कसली पेटी आहे?"

"तुम्ही रद्द केलेले शंभर मीटर," काका म्हणाले.

अष्टपुत्रे उठले नाहीत. वाकून पेटीचा कडी-कोयंडा पाहिला. मग चष्मा खिशात ठेवला. "दुधाणे मॅडम, ही लावली तर सगळे दिसतील?"

"सगळे. या टोकाचे, त्या टोकाचे."

"पण ही पद्धत मंजूर नाही. मंजूर करायला समिती लागेल, आणि समिती..." त्यांनी वाक्य पुरं केलं नाही. आयुष्यात पहिल्यांदाच असेल.

"समिती नाही," वैजयंता म्हणाली. तिनं नियमांचं पुस्तक उघडून त्यांच्यापुढे धरलं. समितीच्याही आधीचं पान. 'समिती अस्तित्वात नसताना चाचणी घेणाऱ्याने स्वतःस योग्य वाटेल ती पद्धत वापरावी. समिती अस्तित्वात नसल्याबद्दल समितीची लेखी पोच अर्जासोबत मागवावी.'

"समिती नसेल तर पोच कोण देणार?" सबनीसबाईंनी विचारलं.

"पोच मिळवावी असं लिहिलेलं नाही बाई. मागवावी असं लिहिलंय. आणि चाचणी घेणाऱ्याला रहिवासी असायची अट नाही. अट अर्जदाराला आहे. अर्जदार काका, त्यांचा नवा अर्ज तयार आहे." तिनं पेटीचा कडी-कोयंडा हातात धरला. "सर, जरा उठता?"

ते उठले. एवढंच नव्हे, पेटीची दुसरी बाजू त्यांनीच धरली. यंत्रघरापर्यंत ती दोघांनी नेली. वैजयंतानं गुंडाळीचं एक टोक यंत्राला आणि दुसरं तारेला जोडलं. काकांनी सांधा पुसून दिला, उगाच, हाताला सवय म्हणून. ठोका सुटला, पेटीत आंधळा झाला आणि डोळे उघडून बोगद्यात शिरला.

लोकसंख्या सहाशे बारा. सांधेवाडी: रहिवासी तेरा. झडप इतकी उघडली की स्वयंपाकघरातल्या एका सदस्यानं गाणं म्हणून पाहिलं. पश्चिम टोक मात्र अजूनही शून्य होतं, कारण तिथे खरंच कोणी नव्हतं. कार्यालयाची हवा तीन महिने बंदच राहणार. तोवर समितीचा पत्ता सांधेवाडी.

"म्हणजे आम्ही परत आलो," अष्टपुत्रे म्हणाले. "समिती अस्तित्वात आहे. आता ही चाचणी आम्हाला रद्द करता येईल."

"येईल की," वैजयंता म्हणाली. "आधी काकांचा अर्ज निकाली काढा. त्यात पोच मागितलीय. पोच दिलीत तर तुम्ही नव्हता हे तुम्हीच लिहून दिलंत, आणि मग पद्धत निवडणं माझं काम होतं. नाकारलीत तर तुम्ही होता, म्हणजे तुमच्या पद्धतीनं पाच जिवंत माणसं गाळली. मग ती पद्धत खोटी."

अष्टपुत्र्यांनी दोन्ही वाटा मनात चालून पाहिल्या. दोन्ही पेटीपाशी येऊन थांबत होत्या.

"आणि अर्ज निकाली काढलाच नाही तर?"

"तर निकाल लागेपर्यंत शेवटची चाचणी खरी. यापुढे प्रत्येक चाचणी मी गुंडाळी लावूनच घेणार. नियम सगळ्यांना सारखा आहे सर. तुम्हीच म्हणालात."

काकांनी अध्यक्षांच्या हातात मटकीचं ताट दिलं. "खडे बघून काढा. दाढेखाली येतात."

समितीनं त्याच बैठकीत, मटकी निवडता निवडता, एकमतानं ठरवलं की मंगळवारी काही घडलेलं नाही. सबनीसबाईंनी नोंदवहीत आडवी रेघ मारली. अर्ज मात्र फाईलला राहिला. तो असा:

प्रति,
मा. अध्यक्ष, चाचणी पद्धत निवड समिती,
सध्या मुक्काम सांधेवाडी, स्वयंपाकघर, डावीकडून तिसरे.

विषय: समिती अस्तित्वात नसल्याची पोच मिळण्याबाबत.

महोदय,
मी, सोपान झुंजारे, नोंदलेला रहिवासी, विनंती करतो की मंगळवारी दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी आपण सर्व सदस्य अस्तित्वात नव्हता, याची लेखी पोच आपल्या पाचही सदस्यांच्या सह्यांनिशी, सह्या त्या वेळी हजर असलेल्या सदस्यांच्याच असल्याच्या दाखल्यासह, देण्यात यावी. पोच मिळेपर्यंत पहिले शंभर मीटर रिकामेच राहतील व त्यात कोणीही राहणार नाही, याची हमी मी देतो. उत्तराची घाई नाही.

आपला,
सोपान झुंजारे
(मजकूर लिहिणार: वैजयंता दुधाणे, त्या वेळी चाचणी साहित्य)